महादेवाच्या घरचा बर्फ

एप्रिलच्या भर दुपारी सुरतेत कुणी मांडीवर जाड जॅकेट घेऊन शेअरिंग रिक्षात बसलं, की शेजारची माणसं जरा सरकून बसतात. एकदा रिक्षावाल्या काकांनी आरशातून बघत विचारलंच, "बेन, ताव आव्यो छे?" मी म्हटलं, ताप नाही आला काका, कामावर चालले आहे. कसलं काम? बर्फाचं. "अच्छा, आइस फॅक्टरी," ते म्हणाले आणि त्यांचं समाधान झालं. माझं नाही झालं. अमरोलीचा पूल ओलांडेपर्यंत मी मनात उत्तर जुळवत होते. ते जुळलं तेव्हा उतरायची वेळ झाली होती.

हा लेख म्हणजे ते राहून गेलेलं उत्तर समजा.

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहिणारी माणसं निवृत्त झालेली असतात. मी अजून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझं काम अर्धवेळाचं आहे. म्हणून भटूकाकांनी (ते मंडळाचे अध्यक्षही आहेत आणि या अंकाचे संपादकही) सांगितलं तेव्हा मी नको म्हणत होते. ते म्हणाले, "पोरी, पन्नास वर्षं लूम चालवलेली माणसं आपल्या कोसाड वसाहतीत घरटी एक सापडतील. बर्फ चालवणारी तू एकटीच." मग मी लिहायला बसले.

माझे पप्पा पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कापडाच्या ताक्यांवर मार्करने नंबर टाकतात. आई घरी बसून साड्यांवर खडे आणि टिकल्या चिकटवते. आम्ही मूळचे अमळनेर तालुक्यातले, त्यामुळे घरात आईला माय म्हणतात आणि माय अजून अहिराणीतच बोलते. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली. कॉलेज म्हणजे काय ते मलाही जाऊनच कळलं. प्रयोगशाळेच्या दारावर 'सहायक पाहिजे' असा कागद बघितला तेव्हा मला वाटलं झाडायचं काम असेल. तेही जमलं असतं म्हणून मी आत गेले.

आत नलिनी मॅडम होत्या.

मॅडमचं माहेर सुरतेचं. आयुष्य मात्र हिमनद्यांवर गेलं, लडाखपासून अंटार्क्टिकापर्यंत. हिमनदी म्हणजे बर्फाची खूप मोठी, खूप हळू चालणारी नदी. मॅडम तिच्यात पोकळ नळीने खोल भोक पाडत आणि आतून बर्फाचं लांब नळकांडं काढत. निवृत्तीनंतर त्या सुरतेला परतल्या. तपासायचे राहिलेले हिमालयातले काही तुकडे त्यांनी थंड पेट्यांतून सोबत आणले. आमच्या कॉलेजने त्यांना मागची खोली दिली. बंद पडलेल्या एका आइस्क्रीमच्या गोदामातली थंड खोली उचलून तिथे बसवली आहे. तिच्या दारावर आंब्याच्या आइस्क्रीमचं चित्र अजून आहे. आत तापमान शून्याच्या खाली पंधरा अंश.

पहिल्या दिवशी मॅडमनी माझं नाव विचारायच्या आधी माझ्या कानाजवळ बर्फाचा एक तुकडा धरला. "ऐक," म्हणाल्या. तुकडा वितळत होता आणि आतून तड, तड, तड असा आवाज येत होता, फोडणीत मोहरी पडल्यासारखा. "हे बुडबुडे फुटतात, बेटा. बर्फ पडला तेव्हाची हवा आत कोंडली होती. ती आता बाहेर येते. तुझ्या आजोबांच्या आजोबांनी घेतला असेल तसा श्वास." मी तुकडा कानाला लावून इतका वेळ उभी राहिले की पाणी कोपरापर्यंत ओघळलं. मला काम मिळालं की नाही हे विचारायचंही मी विसरले. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा मॅडमनी जॅकेट पुढे केलं, तेव्हा कळलं की मिळालं.

काम सांगायला सोपं आहे. हिमालयात दरवर्षी बर्फ पडतो, त्यावर पुढच्या वर्षाचा पडतो. उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर धूळ येऊन बसते. असे थरावर थर. ते नळकांडं उभं चिरायचं, दोन फाका करायच्या. एक फाक राखून ठेवायची. दुसरीचा बाहेरचा भाग तासून टाकायचा, कारण त्याला नळीचा, हातांचा, ट्रकचा मळ लागलेला असतो. आतल्या स्वच्छ भागाचे छोटे तुकडे करायचे, ते बाटल्यांत वितळवायचे आणि त्या पाण्यातले धुळीचे कण यंत्राने मोजायचे. कुठल्या वर्षी किती धूळ आली, त्यावरून तेव्हा दुष्काळ होता का, वादळं झाली का, याचा अंदाज येतो.

स्वच्छतेची भानगड मात्र मोठी. केसाला तेल नको, पावडर नको, बांगडी नको. माझ्या घरी तर कुठेही बसलं तरी अंगाला चमकी लागते. म्हणून मी प्रयोगशाळेत आल्यावर आधी कपडे बदलते आणि तोंड धुते. तरी एकदा माझ्या कानामागे एक खडा चमकताना मॅडमना दिसला. "आज कोणत्या साडीचं काम चालू आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हिरव्या लेहेंग्याचं. "छान. पण तो लेहेंगा हिमालयात नको."

कॉलेजच्या फाटकाबाहेर गोळा विकणारे एक काका उभे असतात. बर्फाचं काम चालतं हे कळल्यापासून त्यांना आमच्याबद्दल फार आस्था. "मॅडम, तुमचा माल किती जुना?" ते विचारतात. मॅडम सांगतात, शंभर, दीडशे वर्षं. काका मान हलवतात. "आपला तर रोजचा ताजा."

आता मॅडमच्या मानसन्मानांबद्दल, कारण भटूकाकांनी बजावलं आहे की ते आलंच पाहिजे. परदेशातल्या एका संस्थेने त्यांना पितळी पदक दिलं आहे, चांगलं वजनदार. आमच्या दोन नंबरच्या फ्रीझरचं रबर ढिलं झालंय, झाकण नीट बसत नाही. ते पदक त्या झाकणावर असतं. दिल्लीपासून वलसाडपर्यंत सत्कारांत मिळालेल्या शाली एका कपाटात आहेत. लाइट गेले की आम्ही दोघी पळत जाऊन त्या शाली फ्रीझरवर घालतो, एकीवर एक. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते उलटंच वाटलं. "मॅडम, शालीने बर्फ गरम नाही होणार?" त्या हसल्या. "शाल ऊब देत नाही, बेटा. ती फक्त ये-जा अडवते. माणसावर घातली तर गरमी आत राहते, बर्फावर घातली तर गरमी बाहेर राहते. माझे सगळे सत्कार असे कामाला आलेत."

यंदाच्या उन्हाळ्यात एक गोष्ट झाली. मी एका नळकांड्याच्या बाटल्या यंत्राला लावत होते. आकडे नेहमीसारखे येत होते, आणि एका बाटलीला एकदम उडी. आधीपेक्षा कितीतरी जास्त. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा लावली, तोच आकडा. यंत्र धुऊन पुन्हा लावली, तोच. मी मॅडमना हाक मारली तेव्हा माझा आवाज चिरकला.

मॅडमनी चष्मा वर केला, खाली केला. मग खुर्चीवरून उठून चक्क टाळी वाजवली. "धुळीचं मोठं वादळ असू शकतं. राजस्थानातून, किंवा त्याहून लांबून. त्या काळातलं असं काही कुणी नोंदवलेलं मला आठवत नाही. कदाचित, बेटा, कदाचित!" पुढच्या शोधनिबंधात तो थर येईल आणि सोबत माझंही नाव, असं त्या म्हणाल्या. "आज घरी जाऊन सांग. पण कदाचित हा शब्द विसरू नकोस."

मी विसरले नव्हते. मी मायला सांगितलं तेव्हा तो शब्द वाक्यात होता. मायने शेजारी सांगितलं तेव्हा तो नव्हता. आणि भटूकाकांनी फ्लेक्स छापायला दिला तेव्हा त्याच्यासाठी जागाच उरली नव्हती. 'हिमालयातील प्राचीन वादळाचा शोध लावल्याबद्दल आपल्या वसाहतीची कन्या कु. रूपाली हिचा भव्य सत्कार', बाजूला माझा दहावीचा फोटो आणि वर कोपऱ्यात मॅडम प्रमुख पाहुण्या. श्रावणातल्या एका रविवारी कार्यक्रम ठरला. सत्कार मॅडमचाही होणार होता.

खोटं कशाला बोलू, मला आवडलं होतं. आमच्या मजल्यावरच्या बायका मला आधी 'सिंधूबाईनी पोर' म्हणायच्या, म्हणजे सिंधूबाईची मुलगी. आता त्या मायला 'रूपालीनी माय' म्हणायला लागल्या होत्या. माय वरवर रागवायची, आणि पाणी भरायला मुद्दाम गर्दीच्या वेळी जायची.

कार्यक्रमाच्या आधीच्या सोमवारी माय आणि भटूकाका प्रयोगशाळा बघायला आले. भटूकाकांना भाषणासाठी माहिती हवी होती. मायला बर्फ बघायचा होता. ती सकाळी महादेवाच्या देवळात जाऊन तशीच आली होती, हातात पूजेचं तबक, त्यात फुलं आणि ओलं कुंकू.

त्या दोघांना थंड खोलीत नेता येणार नव्हतं. म्हणून मॅडमनी माझ्या वादळाच्या थराची राखून ठेवलेली दुसरी फाक थर्मोकोलच्या ट्रेमध्ये बाहेर आणली. मोजणी झाली होती, दोन मिनिटं दाखवायला हरकत नव्हती. फाकेवर पेन्सिलच्या खुणा होत्या. मॅडम बुडबुडे दाखवत होत्या, भटूकाका लिहून घेत होते. माय ट्रेवर वाकली होती. मग तिने हळूच विचारलं, "हाऊ बर्फ हिमालयना शे?"

"हो, हिमालयाचा," मी म्हटलं.

"म्हणजे महादेवना घरना."

आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने बोट कुंकवात बुडवून बर्फाला टेकवलं. डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

भटूकाकांच्या तोंडून "अहो वहिनी!" एवढंच निघालं. मी मॅडमकडे बघितलं. मॅडम बर्फाकडे बघत होत्या.

कुंकू पसरत नव्हतं. मायच्या गरम बोटाने बर्फाचा वरचा पापुद्रा वितळला होता, आणि ते लाल पाणी आत शिरत होतं. एका रेषेत. केसाएवढी बारीक लाल रेघ, बघता बघता फाकेच्या एका कडेपासून आतपर्यंत उमटत गेली, काचेत तडा दिसावा तशी.

"कोणी हलू नका," मॅडम म्हणाल्या. टॉर्च आणला, ट्रेच्या खालून उजेड धरला. रेघ अजून स्पष्ट झाली. "बेटा, तुझा थर कोणत्या खुणेवर आहे?"

मला बघायची गरज नव्हती. ती खूण मला झोपेतही दिसायची. रेघ बरोबर तिथून जात होती.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. बर्फात डोळ्यांना न दिसणारी भेग असेल, तर नळकांडं बाहेर काढताना किंवा ट्रकमधून आणताना तिच्यातून बाहेरची धूळ आत जाते. बाहेरचा भाग कितीही तासा, ती आतच राहते. आणि नळकांड्यातली भेग चिरल्यावर दोन्ही फाकांत राहते, म्हणजे मी मोजलेली धूळ जुन्या वादळाची असेलच असं नाही. ती रस्त्यावरचीही असू शकत होती. एखाद्या ढाब्यासमोरची.

मॅडमनी फाक लगेच थंड खोलीत ठेवली. बाहेर येऊन म्हणाल्या, "भेगेपासून लांबचा एक कोपरा शाबूत आहे. एका मोजणीपुरता. उद्या त्याच थरातला तो तुकडा मोजू. तिथेही आकडा मोठा आला तर वादळ खरं. नाही आला तर..." त्यांनी पुढचं वाक्य पूर्ण केलं नाही, पण त्यांचे डोळे चमकत होते. मला तेव्हा त्यांचा थोडा राग आला होता.

संध्याकाळी माय साडीवर खडे चिकटवत होती. एक ओळ वाकडी गेली, तिने सगळे खडे उपटले. "मन्हा हातथून बिघडनं का, रूपे?" माझ्या हातून बिघडलं का, असं ती विचारत होती. मी म्हटलं, नाही माय, तू काही बिघडवलं नाहीस. भेग आधीपासून होती, ती तुझ्यामुळे दिसली. तिला ते पटलं नाही. खरं तर मलाही नुसतं डोक्याने पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तो कोपरा कापला. तुकडा तासला, वितळवला, बाटली यंत्राला लावली. मॅडम माझ्या खांद्यामागे उभ्या.

आकडा साधा आला. शेजारच्या थरांसारखाच. पुन्हा लावला. साधाच.

वादळ नव्हतं.

मला रडू येईल असं वाटलं होतं. पण मॅडमनी माझे दोन्ही खांदे धरून मला गदागदा हलवलं. "वाचलो! अरे, छापून झाल्यावर कळलं असतं तर?" मग त्या फ्रीझरजवळ गेल्या, झाकणावरचं पदक उचलून माझ्या हातात दिलं. पदक बर्फासारखं गार होतं. "हे कशाबद्दल मिळालं ठाऊक आहे? एका हिमनदीच्या वयाबद्दल. त्या कामात मी आधी सांगितलेलं वय चुकीचं निघालं, आणि ते मीच सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. मानपत्रात त्याचा एक शब्द नाही. पण मला विचारशील तर पदक त्याच दिवसाचं आहे." मग पदक परत झाकणावर ठेवलं, कारण थंडी बाहेर येत होती.

तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की त्या आदल्या दिवशी खूश का होत्या. आमच्याकडे एक खरी गोष्ट आली होती. ती मला हवी होती ती नव्हती, एवढंच. आणि हे लिहिताना थोडं विचित्र वाटतं, पण त्या दुपारी मलाही आतून आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या. मॅडम आणि मी त्याच दिवशी तासून काढलेल्या टाकाऊ कापांवर लाल रंगाचं पाणी लावून बाकीच्या नळकांड्यांतल्या भेगा शोधायला बसलो. आणखी दोन सापडल्या. प्रत्येक वेळी मी ओरडले.

पण फ्लेक्स छापून तयार होता.

मी भटूकाकांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे वादळ नाही?"

"नाही काका."

"लहानसं तरी?"

"लहानसंही नाही."

त्यांनी डोकं खाजवलं. "पोरी, लोकांना कोण सांगायला जातंय? हिमालय लांब आहे." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "बरं, तूच सांग मग. माईक तुझ्याकडे देतो. मला नाही जमणार."

रविवारी हॉल भरला होता. सत्काराची शाल खांद्यावर घेऊन मी माईकसमोर उभी राहिले तेव्हा मागे तो फ्लेक्स, समोर आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बायका, आणि पहिल्या ओळीत माय नवी साडी नेसून मान खाली घालून बसलेली. मी आधी लिहून पाठ केलं होतं ते सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "माझ्या मागे लिहिलंय ते बरोबर नाही. वादळ सापडलं नाही. बर्फाला भेग होती, आम्हाला माहीत नव्हतं. मायने महादेवाचा बर्फ म्हणून कुंकू लावलं, ते भेगेत गेलं, म्हणून आम्हाला कळलं. तिने लावलं नसतं तर आम्ही खोटी गोष्ट छापली असती."

मायने मान वर केली. मग मागून कुणीतरी ओरडलं, "मग शाल परत घ्यायची का?"

सगळे हसले. मॅडम उठून माईकजवळ आल्या. त्यांना मिळालेली शाल त्यांनी बोटांनी चाचपून बघितली. "शाल देणार नाही," त्या म्हणाल्या, "चांगली जाड आहे. फ्रीझरला लागेल." मग त्या खाली उतरल्या आणि मायसमोर जाऊन म्हणाल्या, "सिंधूबेन, मी इतकी वर्षं बर्फात काढली. भेग इतकी सरळ कोणी दाखवली नव्हती." माय जरा सरकली. तिने मॅडमना आपल्या शेजारी जागा करून दिली. दोघींनी मिळून चिवडा खाल्ला.

शोधनिबंध अजून चालू आहे. त्यात वादळ नाही, पण माझं नाव आहे, आणि कदाचित हा शब्द बऱ्याच ठिकाणी आहे. पुढच्या वर्षी सगळं जमलं तर मॅडम मला हिमनदीवर नेणार आहेत. मी अजून खरा बर्फाचा डोंगर बघितलेला नाही. रोज हातात हिमालय धरते, पण सगळ्यात उंच चढले ती कॉलेजच्या गच्चीपर्यंतच. विचार आला तरी मला झोप लागत नाही.

फ्लेक्स आमच्या घरी आला. पाऊस चालू होता, गॅलरीतून पाणी आत यायचं, म्हणून पप्पांनी तो गॅलरीला बांधला. छापील बाजू त्यांनी आत ठेवली. मला ते बघायला नको वाटायचं. रोज सकाळी दात घासताना समोर 'प्राचीन वादळाचा शोध'.

एका सकाळी बघते तर 'वादळाचा' या शब्दावर जाड काळी काट मारलेली. 'प्राचीन'वर पण. वर मिलमधल्या ताक्यांवर असतात तशा ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं, 'भेगेचा'. पप्पा चहा पीत दुसरीकडे बघत होते. ते चौथीपर्यंत शिकले आहेत आणि या सगळ्या प्रकरणात एक शब्द बोलले नव्हते.

माय बाहेर आली. तिने एकेक अक्षर जुळवत वाचलं. "हिमालयातील... भेगेचा... शोध... लावल्याबद्दल... रूपाली." कमरेवर हात ठेवून ती पप्पांकडे वळली.

"भेग तं मी शोधी ना? मंग मन्हं नाव कोठे शे?"

पप्पांनी कप खाली ठेवला, खिशातून मार्कर काढला, दातांनी टोपण ओढलं. "कोठे लिखू?"

मायने बोट ठेवलं. बोटाला चमकी होती, ती तिथेच चिकटली, माझ्या नावाच्या वर.